चार जुगारी एकत्र बसून कुणाला सुधारणार?

“दारू पिणाऱ्यांचे गट ऐकलेत. पण हे सट्टेवाले. चार जण जमले की एकमेकांना सट्ट्याच्या नवीन आयडीच देतील. याला तिथे पाठवू की नको?” जुगार सोडू पाहणाऱ्याच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. कधी बायको विचारते, कधी वडील, क्वचित सासरे.

इथे तो विचारला होता एका कारखान्यातल्या सुपरवायझरच्या पत्नीने. नवरा चौतीस वर्षांचा, पगार हातात ३८,००० रुपये. सुरुवात रमीपासून. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या कायद्याने बंदी आली तेव्हा घरच्यांना वाटलं, सुटलो. तो मात्र महिन्याभरात एका ओळखीच्या मुलाकडून क्रिकेटच्या सट्ट्याची आयडी, म्हणजे बुकीकडचं ऑनलाइन खातं, घेऊन बसला. ॲपवर निदान पैसे आधी भरावे लागत. आयडीवर उधारीत खेळता येतं आणि सोमवारी हिशेब होतो, म्हणून त्यातला खड्डा दिसायला वेळ लागतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अशा काही प्रकरणांतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.)

पत्नीच्या भीतीत तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवं. सोडायला आलेले दोन नवखे एकत्र चहाला गेले तर तिसऱ्या मिनिटाला “तुझा सगळ्यात मोठा विड्रॉल किती?” हा विषय निघतो आणि दोघांचेही हात शिवशिवायला लागतात. म्हणून चांगल्या गटात काही गोष्टी ठरलेल्या असतात. ॲपचं, बुकीचं नाव घ्यायचं नाही. जिंकल्याच्या कहाण्या रंगवायच्या नाहीत. एकमेकांना एक रुपयाही उसना द्यायचा नाही, बसभाड्यालासुद्धा नाही. नवख्याला नवख्याच्या गळ्यात बांधायचं नाही, मध्ये वर्ष-दोन वर्षं न खेळलेला कुणीतरी हवाच. जिथे हे पाळलं जात नाही तिथे पाठवू नये. आणि व्हॉट्सॲपवरच्या उघड्या ‘सट्टामुक्ती’ गटांपासून तर लांबच राहावं. तिथे ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी फक्त फी भरा’ म्हणणारे ठग टपून असतात. आधीच बुडालेला माणूस त्यांना अलगद सापडतो.

गॅम्बलर्स अनॉनिमस ही जुगार सोडणाऱ्यांची संघटना १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. तिच्या बैठका ऑनलाइनही होतात. फी नाही. सोडायची इच्छा एवढीच अट. आपल्याकडे ‘मद्यपाश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दारूवाल्यांच्या गटांचाच हा ढाचा. जवळ गट नसेल तर व्यसनमुक्ती केंद्रातल्या पाठपुरावा बैठकीत विचारावं. जुगारासाठी येणारे एक-दोघे हल्ली तिथेही भेटतात.

पण गट लागतो कशाला? समुपदेशक नाही का पुरत?

नाही पुरत. समुपदेशक आठवड्यातून एकदा पंचेचाळीस मिनिटं भेटतो. बायको चोवीस तास असते, पण तिला खरं सांगण्याची किंमत नवऱ्याला फार मोठी वाटते. खेळायची उबळ येते ती रात्री पावणेबाराला, आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत चढून उतरते. त्या तेवढ्या वेळात जो फोन उचलेल आणि प्रवचन देणार नाही, असा माणूस लागतो.

पहिल्या बैठकीला जाण्याआधी दोन कामं उरकली. पहिलं, जिवाचं काय ते थेट विचारणं. “मरून जावंसं वाटतं का? काही ठरवलं आहे का?” असं स्पष्ट विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. कर्ज उघडं पडण्याच्या सुमाराला हा धोका फार वाढतो. असं काही मनात येत असेल तर गट वगैरे सगळं नंतर. माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

दुसरं, हात आणि पैसा यांच्यात अंतर टाकणं. एटीएम कार्ड पत्नीकडे. बँकेच्या ॲपमधून कार्डाचा ऑनलाइन वापर बंद. ही चालू-बंदची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये सगळ्या बँकांना सक्तीची केली आहे. दर महिन्याच्या ७ तारखेला पगार पत्नीच्या खात्यात वळवायची स्थायी सूचना. रोज १५० रुपये रोख, त्यात नाश्ता आणि पेट्रोल. यूपीआय ॲप फोनवरून काढली.

या शेवटच्या गोष्टीत भोक राहिलं होतं. ॲप काढून यूपीआय बंद होत नाही. खात्याला जोडलेलं सिमकार्ड खिशात असेल तर दोन मिनिटांत ते पुन्हा सुरू होतं. खरा उपाय म्हणजे शाखेत जाऊन खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलून पत्नीचा देणं, म्हणजे ओटीपीही तिच्याकडेच जाईल. हे काम ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणून राहिलं.

पहिले चार-पाच दिवस शरीरच त्रास देतं. झोप लागत नाही, डोकं दुखतं, पोरांवर खेकसणं होतं. घरच्यांना वाटतं, सोडल्यापासून हा जास्तच बिघडला. हे बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतं. याच काळात तिकडून गळ पडतात. तिसऱ्याच दिवशी आयडीवाल्याचा मेसेज आला: ‘भाऊ, मागचं निम्मं माफ. पाच हजारांचं क्रेडिट टाकलंय.’ हे औदार्य नव्हे. गिऱ्हाईक थंडावलं की असंच करतात. गटातल्या एका रिक्षाचालकाने त्याला उत्तर लिहू दिलं नाही. “रागाने शिवी जरी दिलीस तरी बोलणं सुरू झालं,” म्हणाला. नंबर ब्लॉक, नवीन नंबरवरून आला की तोही ब्लॉक.

पहिल्या बैठकीत त्याला पाच जणांचे फोन नंबर मिळाले, प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. एक जण रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, म्हणजे पहाटे तीनलाही जागा. नियम एवढाच की फोन खेळण्याआधी करायचा. आणि रोज एक फोन करायचाच, उबळ असो वा नसो. ज्याला सवय नाही तो अडचणीच्या वेळी फोन करत नाही, लाजतो. समोरचा तीन गोष्टी विचारतो: आत्ता कुठे आहेस, खिशात आणि खात्यात किती आहे, इथून उठून कुठे जाशील. का वाटतंय, कसं वाटतंय हे नंतर. आधी जागा बदलायची. सायंकाळच्या सामन्याचा टॉस सातला असतो आणि सट्ट्याचे भाव त्याच्या आधीपासून हलायला लागतात, म्हणून साडेसहा ते साडेआठ या वेळात त्याने घरात बसायचंच नाही असं ठरलं. मुलीला घेऊन मैदानावर. फोन घरी.

तेराव्या दिवशी तो खेळला.

झालं असं की सात तारखेला रविवार होता, म्हणून कारखान्याने पगार पाच तारखेला, शुक्रवारीच जमा केला. स्थायी सूचना सात तारखेची. मधल्या दोन रात्री ३८,००० रुपये त्याच्या खात्यात, सिम त्याच्या फोनमध्ये. दुसरी पाळी संपवून घरी येताना पगाराचा मेसेज दिसला. पावणेबाराला यूपीआय पुन्हा सुरू केलं, एका मित्राच्या आयडीवर ‘फक्त पाचशे’ लावले, आणि पहाटे तीनपर्यंत ६,५०० गेले. पाचशे गेल्यावर ते वसूल करायला हजार, मग दोन हजार. यालाच हे लोक ‘रिकव्हरी’ म्हणतात. नुकसानीच्या मागे धावणं हे जुगाराच्या आजाराचं ठळक लक्षण आहे.

पहाटे पाचला त्याने सुरक्षारक्षकाला मेसेज केला. तिकडून उत्तर आलं: “किती उरले?” उरले होते ३१,५००. “ते आत्ता वहिनींच्या खात्यात टाक, मग फोन कर.” पैसे गेले, तेव्हा फोन झाला.

गट आणि घर यांतला फरक इथे दिसतो. घरी पहिला प्रश्न असता “का केलंस?” आणि त्याला उत्तर नसतं, रडारड असते, शपथा असतात. गटात विचारलं जातं की दार कुठून उघडं राहिलं. सोमवारी तो बँकेत गेला आणि नंबर बदलून आला. स्मार्टफोन महिनाभर पत्नीकडे, त्याच्याकडे बटणांचा साधा फोन. दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. गटात यावर कुणी नाक मुरडलं नाही. निम्म्यांची मोजणी कधी ना कधी अशीच मोडली होती. पत्नीला मात्र त्याच दिवशी सांगायचं, आणि आकडा पूर्ण सांगायचा, ही अट होती. त्याने ४,००० सांगायचं ठरवलं होतं. रिक्षाचालकाने फोनवरच ओळखलं. “खरा किती?”

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं आहे. पत्नीच्या मूळ प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर आमच्याकडे नाही.

साधारण महिनाभर बैठकांना नियमित आल्यावर गटातले दोन-तीन जुने सदस्य कर्जाच्या हिशेबाला बसतात, पत्नीसह. घाई यासाठी करायची नाही की पहिल्या आठवड्यात सांगितलेली यादी जवळजवळ कधीच पूर्ण नसते. त्याची यादी अशी होती: पतसंस्था २,००,०००, सोनंतारण १,५०,०००, तीन लोन ॲप मिळून ९०,०००, मित्र आणि सहकारी १,२०,०००, आयडीवाला ८०,०००. एकूण ६,४०,०००. यादी वाचून झाल्यावर एका जुन्या सदस्याने वही मिटली आणि विचारलं, “आणि जे लिहिलं नाही ते?” थोड्या वेळाने मेहुण्याचे ४०,००० बाहेर आले. प्रत्येक जण एक नाव मागे ठेवतो. ते लपवलेलं कर्ज फेडायला गुपचूप पैसे लागतात, आणि गुपचूप पैसे मिळवायचा एकच रस्ता त्याला माहीत असतो.

वडील जमिनीचा तुकडा विकून सगळं एकरकमी फेडायला तयार होते. त्यांना थांबवावं लागलं. एकदम पाटी कोरी झाली की नवीन उधारीला जागा होते; पतपेढीही पुन्हा द्यायला तयार, मित्रही. लहान हप्ते आणि लांब मुदत यात फायदा असा की दर महिन्याला कर्जाची आठवण राहते. हिशेब बसला तो असा: पतसंस्थेचा हप्ता ६,२००, सोनंतारणाचं व्याज १,३००, लोन ॲपना ५,०००, मित्र आणि मेहुणा मिळून ३,५००, घरखर्च २०,०००, उरलेले २,००० दवाखाना आणि शाळेसाठी राखीव. मित्रांना त्याने स्वतः फोन करून रक्कम आणि तारीख सांगितली, आणि वर एक विनंती केली: पुन्हा मागितले तर देऊ नका. हे वाक्य उच्चारायला त्याला दोन दिवस लागले.

आयडीवाल्याचे ८०,००० मुद्दाम यादीच्या बाहेर ठेवले. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, त्याची वसुली कोर्टातून होत नाही. त्यासाठी नवीन कर्ज काढायचं नाही, एकट्याने भेटायला जायचं नाही, धमक्या आल्या तर मेसेज जपून ठेवायचे आणि पोलिसांत जायचं. ‘मलाच आत टाकतील’ ही भीती सगळ्यांना असते. २०२५ च्या केंद्रीय कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांची ने-आण करणाऱ्यांना आहे, निव्वळ खेळणाऱ्याला नाही. मात्र ‘तुझं खातं दे, तुझं कर्ज वळतं करतो’ असं बुकी म्हणाला तर अजिबात ऐकायचं नाही. तिथे माणूस निव्वळ खेळणारा राहत नाही, पैशांची ने-आण करणारा ठरतो. लोन ॲपवाल्यांचं वेगळं: नोंदणीकृत संस्थेचं देणं असेल तर ते द्यावंच लागतं, पण त्यांच्या वसुली एजंटाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही.

एक पळवाट अजून बुजवावी लागली. त्याच्या एका सहकाऱ्याने सल्ला दिला, सट्टा सोड, शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये ये, कायदेशीर आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तोटा-नफा राहू दे, एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या दिवशी तीन वाजता छातीत जी धडधड होते तीच त्याला हवी होती. गटाच्या लेखी हे सगळं जुगारातच मोजतात, लॉटरीचं तिकीट आणि मित्राशी लावलेली चहाची पैजसुद्धा.

हिशेबाची वही मिटताना पत्नीने रिक्षाचालकाला विचारलं, “दादा, यांचं कार्ड परत कधी द्यायचं?”

“माझं अजून हिच्याकडेच आहे, वहिनी,” शेजारी बसलेल्या बायकोकडे बघत तो म्हणाला. “सहा वर्षं झाली.” मग त्या दोघी पुढच्या पगाराची तारीख कॅलेंडरवर बघायला लागल्या. सात तारखेला सुट्टी नव्हती. तरीही खातं एक तारखेपासून रोज तपासायचं आणि पगार जमा झाल्याचं कारखान्यात कळलं की पहिला फोन पत्नीला, असं ठरलं.