दोन आवृत्त्यांची तुलना करताना टास्क कसे पक्के करावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रंथालयाच्या अ‍ॅपची जुनी आणि नवी आवृत्ती तपासायची आहे. तीन मॉडरेटर, म्हणजे चाचणी घेणारे, वेगवेगळी सत्रं घेतात. टास्कची, म्हणजे सहभागींनी अ‍ॅपवर करायच्या कामांची, यादी तिघांकडे एकच आहे, तरी एकाच्या सत्रांत बहुतेकांना सगळं जमतं आणि दुसऱ्याच्या सत्रांत तिथंच अडतं. मग फरक येतो कुठून?

यादी एक असली तरी तिघं एकच टास्क देत नाहीत. तुमच्या यादीत फक्त वाक्यं आहेत. सुरुवातीला अ‍ॅप कोणत्या स्थितीत असेल, यश कशाला म्हणायचं, घड्याळ कधी सुरू आणि कधी बंद, मॉडरेटरने काय बोलायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे ते तिघांनी आपापल्या परीने ठरवलंय. आयएसओ ९२४१-११ हे मानक वापरसुलभतेची व्याख्याच ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्टं आणि ठरावीक संदर्भ यांना धरून करतं, ते याच कारणाने. या गोष्टी मोकळ्या सोडल्या की परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान या वापरसुलभतेच्या तीन मापांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत.

आधी वाक्य. तुमचा तिसरा टास्क आहे: ‘माझी पुस्तकं’मध्ये जाऊन ‘मुदतवाढ’ करा. इथे उत्तर प्रश्नातच दिलंय. माणूस विचार न करता स्क्रीनवर तो शब्द शोधतो आणि दिसला की दाबतो. वर नव्या आवृत्तीत तेच बटण ‘अजून ठेवा’ या नावाने आहे, म्हणजे जुन्या आवृत्तीला आयता फायदा. त्याऐवजी कार्डावर असं लिहा:

‘तुमच्याकडच्या एका पुस्तकाची परत करायची तारीख उद्या आहे. ते वाचून व्हायला तुम्हाला अजून आठवडा लागेल. ते आणखी काही दिवस तुमच्याकडे राहील अशी व्यवस्था करा. झालं असं वाटलं की “झालं” म्हणा.’

यात दोन्हीपैकी एकाही आवृत्तीतलं लेबल नाही, पायऱ्या नाहीत, पण गरज पुरती कळते. लेबल टाळायच्या नादात वाक्य कोड्यासारखं होऊ देऊ नका, नाहीतर अडखळतील ते तुमच्या भाषेपाशी. कार्ड छापील द्या आणि सहभागी व्यक्तीला मोठ्याने वाचायला सांगा. मॉडरेटरने तोंडी सांगितलं की शब्द बदलतात, आणि आवाजातला जोरही सूचना देऊन जातो.

आता सुरुवातीची स्थिती. सर्वात जास्त घोळ इथे होतो आणि सर्वात कमी लक्षही इथेच जातं. चाचणीसाठी एक वेगळं खातं करा. त्यात ३ पुस्तकं ठेवा: एकाची मुदत उद्या संपणारी, एकाची दहा दिवसांनी, आणि एक असं की ज्यावर दुसऱ्या वाचकाचं आरक्षण आहे, म्हणून मुदत वाढत नाही. ‘उद्या’ हा शब्द कार्डावर आहे, तेव्हा खात्यातली तारीखही रोज सरकली पाहिजे. सोमवारी भरलेला डेटा बुधवारी वापरला तर पुस्तकावर दंड दिसायला लागतो आणि टास्कच बदलून जातो. प्रत्येक सत्रानंतर खातं मूळ स्थितीत आणा. शोधाचा इतिहास आणि कीबोर्डने शिकलेले शब्द पुसा, सूचना बंद करा, लॉगिन करून मुख्य स्क्रीन उघडी ठेवा. लॉगिन तपासायचं असेल तर तो वेगळा टास्क. हे सगळं चेकलिस्ट म्हणून लिहा आणि दर सत्राआधी त्यावर खुणा करा. लक्षात ठेवून करण्यातलं हे काम नाही.

यशाची व्याख्या चाचणीआधी लिहून काढा, आणि ती अ‍ॅपच्या स्थितीवरून करा. ‘मुदतवाढ जमली’ असं नको. ‘उद्या मुदत संपणाऱ्या पुस्तकापुढे नवी तारीख नोंदली गेली, इतर दोन पुस्तकांत बदल नाही, आणि सहभागी व्यक्तीने “झालं” म्हटलं’ असं हवं. निकालाचे चार कोड पुरतात: पूर्ण, चुकीचं समाधान, सोडून दिलं, वेळ संपला. यातला दुसरा सर्वात मोलाचा. माणूस पुष्टीच्या स्क्रीनपर्यंत पोहोचतो, शेवटचं बटण दाबत नाही आणि समाधानाने ‘झालं’ म्हणतो. प्रत्यक्षात त्याला दंड बसला असता. बरेच मॉडरेटर याला ‘जवळजवळ जमलं’ म्हणून यशात धरतात. तुमच्या तिघांच्या आकड्यांतला फरक मी आधी इथेच शोधेन. रेकॉर्डिंगं असतील तर दोघांनी एकमेकांचं न पाहता पुन्हा कोड द्या आणि कुठे जुळत नाही ते बघा.

घड्याळ कार्ड वाचून संपल्यावर सुरू, ‘झालं’ किंवा ‘सोडतो’ म्हटल्यावर बंद. वाचनाचा वेळ धरला तर सावकाश वाचणाऱ्यांचा आकडा उगाच फुगतो. वेळ मोजायचा असेल त्या सत्रात मनातलं मोठ्याने बोलायला लावू नका. बोलण्याने कामाची गती बदलते, आणि किती बदलते ते माणसागणिक वेगळं. विचार ऐकायचे असतील तर टास्क संपल्यावर रेकॉर्डिंग दाखवून विचारा, किंवा त्यासाठी वेगळी सत्रं ठेवा. कमाल वेळ पायलटमध्ये, म्हणजे मुख्य चाचणीआधीच्या छोट्या सराव चाचणीत, ठरवा आणि दोन्ही आवृत्त्यांना तोच लावा.

मदतीचं काय? मॉडरेटरची वाक्यंही कार्डावर हवीत. ‘हे बटण कशाचं?’ असं विचारलं तर उत्तर एकच: ‘तुम्ही एकटे असता तर काय केलं असतं?’ दोनदा विचारलं तरी तेच. ‘बरोबर’, ‘छान’, मान डोलावणं, नोंद करायला अचानक पेन उचलणं, हे सगळे इशारे आहेत आणि लोक ते टिपतात. मदत करावीच लागली, कारण पुढचा टास्क त्यावर अवलंबून आहे, तर तो टास्क मदतीशिवाय पूर्ण झाला नाही असंच नोंदवा. मुळात एकमेकांवर अवलंबून असलेले टास्क ठेवूच नका. प्रत्येक टास्कसाठी खात्याची तयार स्थिती ठेवली की ही पाळी येत नाही.

क्रमाबद्दल. पहिल्या टास्कमध्ये माणूस अ‍ॅपचा मेनू शिकतो आणि शेवटच्यापर्यंत थकतो, म्हणून सर्वांना एकच क्रम देऊ नका. चार टास्क असतील तर हे चार क्रम वापरा: कखघग, खगकघ, गघखक, घकगख. यात प्रत्येक टास्क प्रत्येक जागी एकदा येतो, आणि प्रत्येकाच्या लगेच आधी बाकीचे तिन्ही एकेकदा येतात. सहभागींची संख्या ४ च्या पटीत घ्या. एकाच माणसाला दोन्ही आवृत्त्या दाखवणार असाल तर निम्म्यांना जुनी आधी, निम्म्यांना नवी आधी, आणि ही वाटणी चारही क्रमांत सारखी हवी, म्हणजे संख्या ८ च्या पटीत.

टास्क संपल्या संपल्या एकच प्रश्न विचारा: हे काम किती सोपं किंवा अवघड गेलं, १ ते ७. निकाल सांगण्याआधी विचारा. सगळं संपल्यावर सिस्टिम युजेबिलिटी स्केल द्या. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही १० विधानांची प्रश्नावली आहे, प्रत्येकाला उत्तर १ ते ५ मध्ये. विषम क्रमांकाच्या विधानांत उत्तरातून १ वजा करा, सम क्रमांकांत ५ मधून उत्तर वजा करा, बेरजेला २.५ ने गुणा. सम क्रमांकाची विधानं नकारार्थी आहेत. मराठी भाषांतर वापरत असाल तर तिथे लोक उलटं चिन्हांकित करतात, म्हणून ती वाक्यं पायलटमध्ये वाचून घ्या. येणारा आकडा ० ते १०० मध्ये असतो, पण ती टक्केवारी नाही. अहवालात % लावू नका.

नमुन्याबद्दल एक सावधगिरी. पाच लोक पुरतात असं नेहमी म्हटलं जातं, ते अडचणी शोधण्यापुरतं ठीक आहे, दोन आवृत्त्यांची टक्केवारी ठरवायला नाही. १० पैकी ८ जणांना जमलं तर ९५% विश्वास पातळीला खरं प्रमाण साधारण ४८% ते ९५% मध्ये कुठेही असू शकतं. आकड्याबरोबर हा पट्टा छापाच. वेळेच्या आकड्यांत एक-दोन जण खूप रेंगाळतात, त्यामुळे साधी सरासरी वर ओढली जाते. लहान नमुन्यात भूमितीय सरासरी (वेळांच्या लॉगॅरिदमची सरासरी काढून परत वेळेत बदललेली) घ्या, आणि ती फक्त यशस्वी झालेल्यांची आहे हे शेजारी लिहा. नाहीतर ज्या आवृत्तीत हळू लोक सोडून गेले, तीच वेगवान दिसते.

पायलट किमान ३ जणांवर करा, आणि तिन्ही मॉडरेटरनी निदान एकेक सत्र घ्यावं. पायलटमधले आकडे मुख्य निकालात मिसळू नका. त्यानंतर कार्ड, खात्याची स्थिती, यशाची व्याख्या, कमाल वेळ आणि मदतीची वाक्यं एका पानावर आणून त्याला आवृत्ती क्रमांक द्या. मधेच एखादा शब्द खटकला आणि बदलावासा वाटला तर तो नवा टास्क समजा, नवा क्रमांक द्या, आणि आधीच्या सत्रांशी त्याची बेरीज करू नका.

तुमच्या हातात आत्ता असलेला डेटा तुलनेला चालणार नाही, पण टाकू नका. कोण कुठे अडलं, हे शोधायला ती रेकॉर्डिंगं अजूनही उपयोगी आहेत. नवी कार्डं लिहायच्या आधी ती बघून घ्या.