पोळ्याच्या गोडधोडानंतर बिघडलेला बैल: पोट, श्वास आणि लघवीचा परस्परसंबंध

प्रश्न (परभणी जिल्हा): पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळ्या, ज्वारीच्या घुगऱ्या आणि कणकेचे गोळे पोटभर खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी त्याने रवंथ बंद केली, श्वास जोरात चालू लागला आणि लघवी जवळपास थांबली. गावातील एकाने पोटफुगी सांगितली, दुसऱ्याने छातीत कफ आणि तिसऱ्याने मूतखडा. आम्ही जीभ ओढून धरून बाटलीने तेल व ताक पाजले. तेव्हापासून तो खोकतो. त्याला एकाच वेळी तीन आजार झाले आहेत का?

उत्तर: आपल्या वर्णनावरून हा एकच आजार दिसतो. धान्य आणि शिजवलेले पिष्टमय अन्न अचानक जास्त खाल्ल्याने होणारे हे आम्लधर्मी अपचन असून, श्वासाचा वेग वाढणे आणि लघवी कमी होणे ही त्याचीच पुढची लक्षणे आहेत. खोकला मात्र बहुधा पाजण्याच्या पद्धतीमुळे लागला आहे, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. बैलाला आजच्या आज पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावे. दवाखाना दूर असल्यास १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकासाठी संपर्क करावा. तोपर्यंत धान्य, गूळ, पेंड पूर्ण बंद ठेवून समोर फक्त कोरडा कडबा टाकावा आणि तोंडाने काहीही पाजू नये.

असे का घडले हे समजण्यासाठी बैलाच्या पोटाची रचना थोडी विस्ताराने पाहावी लागेल. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांपैकी आपल्या पोटासारखे पाचक रस सोडणारे पोट म्हणजे शेवटचे, खरे पोट होय. सर्वांत मोठे कोठीपोट उदराची जवळजवळ संपूर्ण डावी बाजू व्यापते आणि मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. कडबा, कुट्टी किंवा सोयाबीनचे भुसकट यांतील तंतू पचवण्याची ताकद बैलाच्या स्वतःच्या रसांत नसते. ते काम कोठीपोटातील सूक्ष्मजीव करतात. त्यांना उबदार, ओलसर आणि फारसे आंबट नसलेले वातावरण लागते. ते वातावरण टिकवते ती लाळ. रवंथ करताना मोठे जनावर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार असतो. त्यामुळे दिवसातून सहा ते आठ तास चालणारी रवंथ म्हणजे जनावराचे स्वतःचेच औषध होय. आणि रवंथ घडते ती लांब धाग्याच्या वैरणीने, पुरणपोळीने नव्हे.

कणिक आणि घुगऱ्यांतील पिष्ट हाती लागताच त्यावर जगणारे जिवाणू भराभर वाढतात व लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढले की तंतू पचवणारे सूक्ष्मजीव मरू लागतात आणि कोठीपोटाची हालचाल मंदावते किंवा थांबते. निरोगी बैलाच्या डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागील खोलगट भागावर) मूठ दाबून धरल्यास मिनिटाला साधारण एक ते दोन वेळा आतून लाट उठल्यासारखे जाणवते. ही लाट थांबणे हे रवंथ थांबण्याइतकेच महत्त्वाचे चिन्ह आहे. दही-ताक हे स्वतःच लॅक्टिक आम्लाने आंबट झालेले असते, म्हणून या अवस्थेत ताक पाजणे म्हणजे आम्लात आणखी आम्ल घालणे ठरते. पोटासाठी ताक चांगले, हा माणसांचा अनुभव येथे लागू पडत नाही. खाण्याचा सोडा उपयोगी पडतो, परंतु त्याचे प्रमाण जनावराचे वजन व अवस्था पाहून पशुवैद्यकांनीच ठरवावे.

लघवी का थांबली याचे कारणही कोठीपोटातच आहे. तेथे आम्ल साचले की आतील द्रव दाट होतो आणि रक्तातील पाणी तिकडे ओढले जाते. पोट डचमळते, पण शरीर मात्र कोरडे पडते. डोळे खोल जातात आणि कातडीची चिमटी धरून सोडली तर ती लवकर खाली बसत नाही. मूत्रपिंडांचे काम रक्त गाळून नको असलेले पदार्थ पाण्यासोबत बाहेर टाकणे हे असले, तरी रक्तातच पाणी कमी झाल्यावर ती पाणी राखून ठेवतात आणि लघवी थोडी व गडद होते. येथे खडा अडकलेला नसतो. दोन्हींतील फरक गोठ्यातच ओळखता येतो: खडा अडकलेले जनावर वारंवार कुंथते, शेपटी हलवते, पोटाकडे लाथा मारते आणि थेंब थेंब लघवी करते, पाणी कमी पडलेले जनावर कुंथत नाही, त्याला लघवीच फार थोडी होते. जाता जाता एक सांगण्यासारखे आहे: भरलेले कोठीपोट डाव्या मूत्रपिंडाला ढकलून शरीराच्या मध्यरेषेपलीकडे, उजव्या अंगाला नेते. या अवयवांची जागा एकमेकांना किती लागून आहे, हे यावरून लक्षात यावे.

श्वासाचेही तसेच. विसावलेला बैल मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा श्वास घेतो. बरगड्यांमागील पोटाची हालचाल घड्याळ लावून मोजावी, मात्र ती उन्हातून किंवा कामावरून आल्याबरोबर मोजू नये. पोटातील आम्ल रक्तात उतरले की शरीर ते कमी करण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वेगाने बाहेर टाकू लागते आणि म्हणून श्वास वाढतो. शिवाय फुगलेले कोठीपोट पुढच्या श्वासपटलावर (पोट व छाती यांमधील पडद्यावर) दाब देते व फुप्फुसांना पसरण्यास जागा उरत नाही. आजार अशा प्रकारे छातीत नसतानाही श्वास बिघडतो. किरळ लागण्यातही (कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेतही) हेच दिसते: पावसाच्या खंडात खुंटलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले धुमारे खाल्ल्यास कोठीपोटात हायड्रोसायनिक आम्ल सुटते, रक्तातील प्राणवायू पेशींना वापरता येत नाही आणि फुप्फुसे ठणठणीत असूनही जनावर काही मिनिटांत धापा टाकत कोसळते. तेथे एका क्षणाचाही विलंब परवडत नाही.

आता खोकल्याविषयी. घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडे शेजारी असतात आणि गिळताना श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते. जीभ बाहेर ओढून धरली आणि मुंडके वर केले की जनावराला नीट गिळता येत नाही, व ओतलेले तेल थेट फुप्फुसांत उतरू शकते. तेल तेथून सहज निघत नाही आणि त्यातून होणारा न्यूमोनिया अनेकदा मूळ अपचनापेक्षा जड जातो. ताप (बैलाचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते), नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव किंवा मान लांबवून श्वास घेणे यांपैकी काही दिसल्यास पशुवैद्यकांना पाजण्याची हकिकत स्पष्टपणे सांगावी. संकोचाने ती लपवल्यास उपचार चुकतो. यापुढे औषध पाजताना जीभ सोडावी, तोंड डोळ्यांच्या पातळीहून वर नेऊ नये, गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे घालावे आणि खोकला येताच थांबावे.

बैल सावरल्यावरही पुढील काही आठवडे त्याच्या खुरांकडे लक्ष ठेवावे, कारण या आजारानंतर खुरांच्या आत दाह होऊन तो लंगडू शकतो, आणि रब्बीची पेरणी तोंडावर असताना ते फार महागात पडते. पुढील पोळ्याला नैवेद्याचा एक घास जरूर द्यावा; खांदेमळणी करावी, झूल घालावी, पण पोट मात्र कडब्यानेच भरावे.

प्रश्न (धाराशिव जिल्हा): उस्मानाबादी बोकड विक्रीसाठी मका आणि गव्हाच्या कोंड्यावर वाढवत आहोत. त्यांतील एक सकाळपासून कुंथत होता, आता शांत उभा आहे. बरा झाला असे समजावे का?

उत्तर: समजू नये. नर जनावराची मूत्रनलिका लांब व अरुंद असते, वाटेत ती नागमोडी वळण घेते आणि बोकडात तिच्या टोकाला दोऱ्यासारखा बारीक भाग असतो; खडे बहुधा या दोन जागी अडकतात. शेळीची मूत्रनलिका आखूड व रुंद असल्याने तिला हा त्रास क्वचितच होतो. मका व कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त आणि कॅल्शियम कमी असते, आणि हे असंतुलन कमी पाण्याबरोबर जुळून आले की मूत्राशयात वाळूसारखे कण तयार होतात. कुंथणारा बोकड अचानक शांत होणे हे मूत्राशय किंवा मूत्रनलिका फुटल्याचे लक्षण असू शकते. ताण गेल्याने वेदना कमी होते, परंतु लघवी पोटात किंवा कातडीखाली साचू लागते. त्याचे पोट दाबू नये, लघवी वाढवणारे औषध देऊ नये आणि तासाभराचाही वेळ न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे.

उरलेल्या बोकडांचा मका व कोंडा निम्म्यावर आणावा, वाळलेला चारा व डाळवर्गीय पाला वाढवावा, खुराकात मीठ व पशुवैद्यकांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण घालावे आणि स्वच्छ पाणी दिवसभर समोर ठेवावे. खच्चीकरण फार लहान वयात केल्यास मूत्रनलिकेची वाढ अपुरी राहते, त्यामुळे पुढच्या वेळी त्याचे वयही विचारून ठरवावे. उद्या सकाळी प्रत्येक बोकडाच्या लघवीच्या जागेवरील केस बोटांनी चाचपून पाहावेत. त्यांवर वाळूसारखे पांढरट कण चिकटलेले आढळल्यास तो बोकड वेगळा बांधून त्याचीही तपासणी करून घ्यावी.