झुडूप कधी सोडायचं

अगं,

तुझा मेल सावकाश वाचला. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आणि आवेग यांवर ताबा ठेवणं अवघड जाणाऱ्या मेंदूच्या जडणघडणीचं, निदान झाल्यापासून जो तो तुला काहीतरी गोड सांगतोय आणि त्यामुळे तुझी शंका वाढतच चालली आहे: "ताई, एडीएचडीत खरंच काही चांगलं असतं, की मला बरं वाटावं म्हणून सगळे बोलतात?" शंका रास्त आहे. 'ही तर सुपरपॉवर!' म्हणणारे व्हिडिओ माझ्याही मोबाइलवर येतात. बिल भरायची तारीख पुन्हा चुकली म्हणून जी स्वतःवर चिडली आहे, तिला हे ऐकवणं म्हणजे थट्टाच. म्हणून ज्याला अभ्यासाचा आधार आहे ते तसं सांगते, आणि जिथे फक्त माझा अनुभव आहे तिथे तसं म्हणते.

मला वाटतं, तू गुण आणि अडचणी यांच्या दोन वेगळ्या याद्या करते आहेस, तिथेच गोंधळ होतोय. स्वभाव एकच असतो. तो एका कामात नडतो आणि दुसऱ्यात उपयोगी पडतो. लक्ष चटकन दुसरीकडे वळणं हिशेब तपासताना महागात पडतं. आजूबाजूला काय बदललं हे सगळ्यांच्या आधी टिपायचं असेल, तर तेच कामी येतं.

यावर 2024 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक मजेशीर अभ्यास प्रसिद्ध केला. चारशेहून अधिक लोकांना ऑनलाइन खेळ दिला: ठरलेल्या वेळात झुडपांवरची बोरांसारखी फळं गोळा करायची. एकाच झुडपावर थांबलं तर दर खेपेला फळं कमी मिळत जातात. नव्या झुडपाकडे जावं तर जाण्यात वेळ मोडतो. मग हे झुडूप सोडायचं कधी? प्रश्नावलीत ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणं जास्त आढळली, ते लोक लवकर पुढे सरकले, आणि त्यांची फळं इतरांपेक्षा जास्त भरली. बाकीचे रिकाम्या होत चाललेल्या झुडपाला गरजेपेक्षा जास्त चिकटून राहिले. हा खेळ होता, खरं आयुष्य नव्हे, आणि त्या लोकांचं डॉक्टरी निदानही झालेलं नव्हतं, प्रश्नावलीच होती. तरीही 'तू कशाला धरून राहत नाहीस' हे वाक्य तुला लहानपणापासून किती वेळा ऐकावं लागलं असेल, ते आठवून मला हा अभ्यास फार आवडला.

दुसरा अभ्यास 2008 चा, उत्तर केनियातल्या आरियाल लोकांचा. त्यांच्यातले काही अजून गुरं घेऊन भटकतात, काही एका जागी स्थायिक झाले आहेत. डोपामीन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा एक प्रकार नावीन्याच्या ओढीशी आणि एडीएचडीशी जोडला जातो. तो प्रकार असलेले भटके पुरुष इतर भटक्यांपेक्षा चांगले पोसलेले आढळले, आणि तोच प्रकार असलेले स्थायिक पुरुष इतर स्थायिकांपेक्षा काहीसे कमी. एडीएचडीमागे अनेक जनुकं असतात, त्यामुळे या एकावरून सगळं सिद्ध होत नाही. पण वारसा तोच राहिला आणि जगण्याची रीत बदलली की हिशेब उलटतो, एवढं त्यातून दिसतं.

आता कल्पकतेबद्दल, कारण याच बाबतीत सगळ्यात जास्त फेकाफेक चालते. हॉली व्हाइट आणि प्रीती शाह या संशोधकांनी 2006 साली एडीएचडी असलेल्या प्रौढांना दोन प्रकारच्या चाचण्या दिल्या. एखाद्या साध्या वस्तूचे जमतील तेवढे वेगवेगळे उपयोग सुचवायचे होते, तिथे ते सरस ठरले. तीन शब्दांना जोडणारा नेमका एक शब्द शोधायचा होता, तिथे ते मागे पडले. पुढे 2020 साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा चित्र आणखी गुंतागुंतीचं निघालं: लक्षणं जास्त असलेल्यांना कल्पना अधिक सुचतात असं बहुतेक ठिकाणी दिसलं, पण प्रत्यक्ष निदान झालेल्यांबाबत तसं खात्रीनं म्हणता आलं नाही. तेव्हा 'मला एडीएचडी आहे म्हणजे मी कल्पक' असं गृहीत धरू नकोस. तू कल्पक आहेस हे मला तुझ्या कामावरून माहीत आहे, त्यासाठी निदानाची गरज नाही. चाचणीतला दुसरा भाग मात्र लक्षात ठेव. दहा कल्पना सुचवणं आणि त्यांतली एक निवडून तडीस नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला जोडीदार घे. शांत, चिकाटीचा, थोडा कंटाळवाणा माणूस शोध आणि त्याला जप.

तासन्‌तास एकाच गोष्टीत बुडून जाण्याबद्दल तू अपराधी सुरात लिहिलं आहेस. लोक त्याला हायपरफोकस म्हणतात. 'एवढा वेळ हे करता येतं, मग ते का नाही?' हा टोमणा प्रत्येकीच्या वाट्याला येतो. एडीएचडीत लक्ष कमी नसतं, ते हवं तिथे वळवण्यावरचा ताबा कमी असतो. काम नवं असेल, आव्हानाचं असेल, मनापासून आवडीचं असेल किंवा अगदी गळ्याशी आलेलं असेल, तर मेंदू आपोआप जागा होतो. नुसतं 'महत्त्वाचं' असणं त्याला पुरत नाही. हे कळलं की स्वतःला आळशी म्हणणं थांबतं आणि कामाची मांडणी बदलता येते. माझं निदान चाळिशीनंतर झालं. त्यानंतर मी मोठ्या कामाची मुदत एकटीनं ठरवणं बंद केलं. मधल्या टप्प्यांवर कुणाला तरी काम दाखवायचं कबूल करून टाकते. बुडायचं असेल तेव्हा आधी गजर लावते, पाण्याची बाटली शेजारी ठेवते आणि मग खुशाल बुडते. तहानभूक विसरायला होतं, हे काही कौतुकानं सांगण्यासारखं नाही.

गडबडीच्या वेळी डोकं शांत होणं हा माझा अनुभव आहे, आणि असं सांगणारे बरेच भेटतात. सगळे धावपळ करत असताना मला अचानक स्पष्ट दिसायला लागतं. फक्त त्याची चटक लागते. शेवटच्या रात्रीवर सगळं ढकलून त्याला बलस्थान म्हणू नकोस.

इंग्लंडमध्ये यशस्वी प्रौढांच्या मुलाखती घेऊन 2019 साली एक अभ्यास झाला. ते मोजके सहा जण होते, आणि सगळे पुरुष, त्यामुळे जपूनच वाचायचा. त्यांनी चपळ विचार, धाडस, ऊर्जा, पडून पुन्हा उठण्याची ताकद यांबरोबर माणुसकीही सांगितली. स्वतः सतत अडखळलेला माणूस दुसऱ्याच्या अडखळण्यावर पटकन हसत नाही, असं मी त्याचं कारण लावते. नवीन आलेल्या मुलांना तू ज्या पद्धतीनं समजावतेस, त्यात मला ते दिसतं.

गोळ्यांनी हे सगळं पुसलं जाईल का, असंही विचारलं आहेस. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं उदाहरण घे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं चार सुवर्णपदकं मिळवली. त्यानंतर हॅकरनी खेळाडूंची वैद्यकीय कागदपत्रं चोरून उघड केली, तेव्हा तिनं सरळ सांगितलं की आपल्याला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. औषध घ्यायचं की नाही हे तू आणि तुझे डॉक्टर ठरवा. घेतल्यावर आपण बोथट झालोय असं वाटलं, तर मनात कुढू नकोस आणि स्वतःहून बंदही करू नकोस. डॉक्टरांना सांग, मात्रा किंवा औषध बदलता येतं.

राहिला त्या दोन नोकऱ्यांपैकी कोणती घ्यायची हा तुझा प्रश्न. पगार आणि पदाचं नाव तू दोन्हीकडचं लिहिलंस, पण दिवसभरात नेमकं काय करायचं ते एकाही ठिकाणचं लिहिलं नाहीस. आपल्यासारख्यांसाठी तेच निर्णायक असतं. तक्रारी सोडवणाऱ्या टीममध्ये दर तासाला नवं कोडं येणार असेल, तर थोडे पैसे कमी मिळाले तरी तिकडे कौल दे. कागदपत्रं तपासायचं काम दिवसभर एकसुरी असेल, तर सहा महिन्यांत तू स्वतःला पुन्हा नावं ठेवायला लागशील. पण हा माझा अंदाज आहे. दोन्हीकडे आत काम करणाऱ्या एखाद्या माणसाला फोन कर आणि विचार: मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करत असता? गोष्टी लेखी मिळतात का? कामाचे टप्पे कोण ठरवतं? निदानाबद्दल मुलाखतीत सांगायलाच हवं असं नाही. 'सूचना लिहून दिल्या की माझं काम चांगलं होतं' एवढं मात्र बिनधास्त सांग, ते कुणालाही सांगता येतं.

उत्तरं मिळाली की मला पाठव, शुक्रवारी संध्याकाळी बोलू. आणि हो, आत्ताच फोनमध्ये आठवण लावून ठेव, मीही लावतेच आहे.

तुझी
ताई