वाचक विचारतात: भावाचे डोळे काढणारा ड्यूक आणि त्याने केलेली वाटणी

गेल्या अंकात पोलंडवर राज्य करणाऱ्या पियास्त घराण्यावर लिहिलं त्यावर बरेच प्रश्न आले आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळे एकाच माणसाबद्दल, बोलेस्लाव तिसरा, ज्याला पोलिश लोक 'वाकड्या तोंडाचा' म्हणून ओळखतात (जन्म 1086, मृत्यू 1138). सगळे प्रश्न घेता येणार नाहीत, चार घेतेय.

प्रश्न: एवढ्या लढाया जिंकल्या, एवढा मुलूख मिळवला, तरी हा राजा का नाही, नुसता ड्यूकच का?

कारण मुकुट त्याच्या काकाने घालवला होता. काका म्हणजे बोलेस्लाव दुसरा, त्याचा 1076 मध्ये राज्याभिषेक झाला पण 1079 मध्ये त्याने क्राकूफचा बिशप स्तानिस्लाव याला मारलं आणि त्यानंतर देश सोडून पळावं लागलं. मागून आलेला भाऊ व्लादिस्लाव हेर्मान, म्हणजे आपल्या बोलेस्लावचे वडील, मुकुटाच्या भानगडीत पडलेच नाहीत. पुढचा राज्याभिषेक थेट 1295 मध्ये. म्हणजे मधली दोनशेहून जास्त वर्षं ड्यूकच राज्य करत होते, तेव्हा त्या शब्दावरून त्याला लहान समजू नका.

प्रश्न: सख्ख्या भावाचे डोळे काढले हे खरं आहे का? आणि तरी पोलंडमध्ये त्याला मोठा राज्यकर्ता कसं मानतात?

सख्खा नाही, सावत्र, पण डोळे काढले हे खरं आहे. झबिग्न्येव हा थोरला, पण त्याच्या आईचं लग्न चर्चला मान्य नव्हतं त्यामुळे लहानपणीच त्याला जर्मनीत क्वेडलिनबुर्गच्या मठात पाठवून दिलं. नंतर तो परत आला आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला दोघा भावांचं चांगलं जमलं, कारण दोघांचा शत्रू एकच होता, सिएचेख नावाचा सरदार ज्याने म्हाताऱ्या वडिलांना पूर्ण मुठीत ठेवलं होतं. दोघांनी मिळून त्याला हाकललं. 1102 मध्ये वडील प्वोत्स्कला वारले आणि राज्य दोघांत वाटलं गेलं, उत्तर थोरल्याकडे, दक्षिणेकडचे क्राकूफ आणि सिलेशिया धाकट्याकडे, आणि दोघेही बरोबरीचे. इथेच सगळं बिघडलं. वरचा कोण हे ठरलंच नव्हतं.

पाच-सहा वर्षांत बोलेस्लावने भावाला देशाबाहेर काढलं, तो गेला जर्मनीच्या हेन्री पाचव्याकडे, आणि 1109 मध्ये हेन्री सैन्य घेऊन आला. मागणी काय तर अर्धं राज्य झबिग्न्येवला द्या आणि वर दरवर्षी 300 मार्क चांदी किंवा 300 स्वार. ते जमलं नाही, हेन्री हात हलवत परत गेला (त्याबद्दल पुढच्या प्रश्नात). मग काही काळाने बोलेस्लावने भावाला परत यायची परवानगी दिली. तो आला, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत त्याचे डोळे काढले.

यावर दोन जुने लेखक आहेत. एक गालुस अनोनिमस, बोलेस्लावच्याच दरबारातला परदेशी साधू, तो म्हणतो झबिग्न्येव पुढे तलवार धरून आणि वाजतगाजत आला, जणू तोच मालक, म्हणून हे घडलं. दुसरा प्रागचा कोस्मास, तो बोलेस्लावच्या दरबारातला नव्हता, तो सरळ लिहितो की शब्द देऊन बोलावलं आणि तिसऱ्या दिवशी आंधळं केलं. मला कोस्मास जास्त पटतो, कारण गालुस आपल्या मालकाची बाजू मांडतानासुद्धा इतका अडखळतो की वाचताना जाणवतं की याला स्वतःलाच हे पचलेलं नाही. झबिग्न्येवची बाजू लिहून ठेवणारं कुणीच नव्हतं, हे कायम लक्षात ठेवावं.

आणि बोलेस्लावलाही पचलं नाही. त्याने चाळीस दिवस उपास केला, राखेत आणि गोणपाटावर झोपला, 1113 मध्ये हंगेरीत यात्रेला गेला, शोमोजवारच्या संत जाइल्सच्या मठात आणि राजा स्टीफनच्या समाधीवर, वाटेत गरिबांना दान, आणि परत आल्यावर ग्नियेझ्नोला संत अडालबर्टच्या अवशेषांसाठी सोन्याची पेटी. काहीजण म्हणतात हे सगळं लोकांना दाखवायला होतं. थोडं असेलही, राज्यकर्त्याचं प्रायश्चित्त चारचौघांतच व्हायचं. पण मला वाटतं पुढे मरताना त्याने जे केलं ते बघितलं की ही जखम खरी होती हे कळतं. मोठा राज्यकर्ता मानतात ते त्याच्या लढायांमुळे आणि बाल्टिक समुद्राकाठचा पोमेरेनिया जिंकल्यामुळे, या गोष्टीमुळे नाही, आणि ही गोष्ट पोलिश लोक लपवतही नाहीत.

प्रश्न: ग्वोगुफच्या वेढ्यात लहान मुलांना यंत्रांना बांधलं होतं असं वाचलं, नक्की काय झालं?

हीच ती 1109 ची मोहीम. हेन्रीने ओडर नदीवरचं ग्वोगुफ वेढलं, गावाने पाच दिवसांचा तह मागितला आणि ओलीस म्हणून आपली मुलं दिली, अट अशी की काहीही ठरलं तरी मुलं परत मिळतील. बोलेस्लावचा निरोप आला की शहर सोडलंत तर मीच तुम्हाला सुळावर देईन. मग हेन्रीने मुलं परत केलीच नाहीत, उलट हल्ल्याच्या यंत्रांना बांधून भिंतीकडे आणली, त्याला वाटलं आईबाप दगड टाकणार नाहीत. ते लढले. हे गालुसने लिहिलंय आणि तो काही वर्षांतच लिहीत होता म्हणून मी याला नुसती दंतकथा म्हणणार नाही. पण या मोहिमेतली 'कुत्र्यांच्या मैदाना'वरची लढाई म्हणून जी सांगतात, प्रेतं खायला कुत्री जमली वगैरे, ती जवळजवळ शंभर वर्षांनी कादूबेक नावाच्या इतिहासकाराने लिहिली, तिच्यावर फार विश्वास ठेवू नका.

(पोमेरेनियाबद्दल एकाने विचारलंय ते थोडक्यात इथेच सांगते. 1116 ते 1122 या काळात त्याने समुद्रापर्यंतचा मुलूख घेतला, तिथे धर्मप्रचाराला आधी बर्नार्ड नावाचा स्पॅनिश साधू अनवाणी गेला तर लोक म्हणाले जगाचा मालक, म्हणजे देव, असला भिकारी पाठवेल का, आणि त्याला हुसकून लावलं. 1124 मध्ये बांबेर्गचा बिशप ओटो भरजरी कपड्यांत, भेटवस्तू आणि सैनिक घेऊन गेला, वर बोलेस्लावने तिथल्या श्चेचिन शहराची खंडणी कमी केली, तेव्हा बाप्तिस्मे झाले. 1135 मध्ये मात्र याच पोमेरेनियासाठी मेर्सेबुर्गला जर्मन सम्राट लोथारसमोर त्याला मान झुकवावी लागली.)

प्रश्न: इतक्या हुशार माणसाने मरताना राज्याचे तुकडे का केले? पोलंड दोनशे वर्षं त्याने फुटला ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वाचकांनी विचारलाय, आणि माझं मत जरा वेगळं आहे. मृत्युपत्राचा मूळ कागद आज नाही पण व्यवस्था साधारण कळते. थोरला मुलगा व्लादिस्लाव याला सिलेशिया, बापाच्याच नावाचा मुलगा बोलेस्लाव याला माझोव्हिया, तिसरा मुलगा मियेश्को याला पोझनानकडचा भाग, दुसरी बायको सालोमेया हिला ती जिवंत असेपर्यंत वेन्चित्सा, आणि या सगळ्यांवर एक खास प्रांत, क्राकूफसकट, जो कायम घराण्यातल्या वयाने मोठ्या माणसाकडे राहणार आणि बाकीचे त्याचं ऐकणार. आता हे 1102 च्या वाटणीशेजारी ठेवून बघा. तेव्हा दोन भाऊ बरोबरीचे होते आणि शेवट डोळे काढण्यात झाला. याने त्या वाटणीत जे नव्हतं नेमकं तेच घातलं, वरचा कोण हे आधीच ठरवून टाकलं. सगळं एकाला दिलं असतं तर बाकीचे भाऊ नवे झबिग्न्येव झाले असते, आणि वाटणीचा रिवाज तर त्याच्याआधीपासूनच होता. म्हणून मी याला मूर्खपणा म्हणत नाही, आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून एका बापाने केलेला प्रयत्न म्हणते.

फसला तो दोन ठिकाणी. एक, थोरला पहिल्या बायकोचा, कीएव्हच्या झ्बिस्लावाचा मुलगा, आणि बाकीचे सालोमेयाचे, म्हणजे फूट घरातच होती. दुसरं, थोरल्याला आवरायचं कुणी हे ठरवलंच नाही. व्लादिस्लावने धाकट्यांचा मुलूख गिळायला सुरुवात केली, वडिलांचा जुना सेनापती पिओत्र व्वोस्तोवित्स याचे डोळे काढले आणि जीभ कापली, तेव्हा आर्चबिशपने त्याला बहिष्कृत केलं आणि 1146 मध्ये भावांनी हाकललं. नंतर वयाने मोठा तो वरचा हा नियम नावापुरता उरला, 1180 च्या सुमाराला तर तोही गेला.

सगळ्यात धाकटा काझिमिर, जन्म 1138 चाच, त्याला वाटणीत काहीच नव्हतं. नंतर लोकांनी गोष्ट रचली की बापाला विचारलं तर तो म्हणाला चार चाकांच्या गाडीला हाकणारा लागतोच ना. पण पुढे 1177 मध्ये क्राकूफच्या सरदारांनी मियेश्कोला काढून याच काझिमिरला बसवलं, आणि 1320 मध्ये ज्याने तुकडे जोडून क्राकूफला मुकुट घातला तो व्लादिस्लाव वोकिएतेक त्याचाच पणतू.