मंदी आलीच तर? शेतकरी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वीस क्विंटल सोयाबीन घरात आहे. जिकडेतिकडे मंदीची चर्चा चालू आहे. भाव आणखी उतरायच्या आत विकून टाकू का? सावकाराचे ४० हजार शेकडा तीन रुपयांनी डोक्यावर आहेत. (ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : आधी सावकार, मग भाव. शेकडा तीन म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. सहा महिने माल धरून बसलात तर ७,२०० रुपये व्याजातच गेले, क्विंटलमागे ३६० रुपये. मंदीच्या वर्षात एवढी तेजी धरून चालणं धोक्याचं आहे. मंदीत शेतकरी पडत्या भावानं जेवढा मोडतो, त्याहून जास्त अडून विकावं लागल्यामुळे मोडतो.

पहिल्यांदा हमीभावाचं केंद्र बघा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. नोंदणीला आधार, पासबुक आणि सातबारा लागतो. ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवरच्या सरकारी पीक नोंदीत) सोयाबीनचीच नोंद हवी, नाहीतर काम तिथेच अडतं. ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के असते. माल परत आला तर टेम्पोचं दोन्हीकडचं भाडं अंगावर पडतं, म्हणून घरीच पारख करा. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर सोयाबीन आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर माल बराच ओला आहे. चिकटलं नाही तरी दाणा दाताखाली धरा : दबला तर आणखी ऊन द्या, कट्कन फुटला तर ओलावा मोजायचं मीटर लावून घ्यायला न्या.

केंद्रावर नंबर लागेना तर दहा क्विंटल विका. बाजारभाव ४,२०० धरला तर ४२ हजार येतात आणि सावकार मोकळा होतो. उरलेले दहा क्विंटल बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवा. बाजारभाव किंवा हमीभाव, जो कमी असेल त्याच्या ७५ टक्के कर्ज मिळतं, मुदत सहा महिने, व्याज सालाना ६ टक्के. म्हणजे हातात ३१,५०० रुपये आणि सहा महिन्यांचं व्याज ९४५. त्यात वाळण्याची घट धरा. १२ टक्के ओलाव्याचा माल १० टक्क्यांवर आला की दहा क्विंटलमागे २२ किलो कमी भरतो. व्याज आणि घट मिळून क्विंटलला १८७ रुपये होतात, वर हमाली आणि वाहतूक. भाव ४,४०० च्या पुढे गेला तरच ठेवलेल्या मालाचं चीज झालं. टेम्पो भरण्याआधी समितीत जाऊन दोन गोष्टी विचारा : गोदामात जागा आहे का, आणि कर्जाला निधी शिल्लक आहे का. योजना कागदावर असते आणि निधी संपलेला असतो, असं घडतं.

सगळे वीस क्विंटल तारण ठेवून सावकाराचे पैसे फेडणंही जमतं. सालाना ३६ टक्क्यांचं कर्ज ६ टक्क्यांवर येतं. पण भाव पडला तर सगळी तूट तुमच्याच माथी. म्हणून आमचं मत अर्धं विकण्याचं.

सोयाबीनचा भाव तेल आणि पेंड या दोघांवर चालतो. क्विंटलमागे १८ किलोच्या आसपास तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड, आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मंदीत चिकनचा खप घटला की पेंडेची मागणी बसते. तेलाचं गणित जगाच्या बाजारात ठरतं : २००८ च्या मार्चमध्ये उच्चांकावर असलेलं पामतेल त्याच वर्षाच्या अखेरीस निम्म्याहून खाली आलं होतं. म्हणून मंदीच्या बातम्यांपेक्षा खाद्यतेलाच्या आयात शुल्कावर डोळा ठेवा. मे २०२५ अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं गेलं. असा निर्णय सोयाबीनच्या दराला लगेच लागतो.

प्रश्न : डीएपी खत पुढे मिळणार नाही म्हणतात. उसने पैसे काढून आत्ताच भरून ठेवू का? (जि. वाशिम)

उत्तर : उसने पैसे काढून नको. सोयाबीनला डीएपीच हवं असंही नाही. शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र (नायट्रोजन), ६० किलो स्फुरद (फॉस्फेट), ३० किलो पालाश (पोटॅश). एकरी १२ : २४ : १२. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या तीन गोण्यांत बरोबर २४ किलो स्फुरद येतं. सोबत २६ किलो युरिया आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्या, एकराचा डोस झाला. शिवाय सुपर फॉस्फेटमधून १६ किलोंच्या वर गंधक मिळतं. तेलबियांना ते लागतंच आणि डीएपीत ते नसतं. फक्त गोण्या जास्त, म्हणून वाहतूक आणि मजुरी जास्त, तो खर्च जोडून मगच तुलना करा.

खरी बचत बियाण्यात आहे. सोयाबीन सरळ वाणाचं पीक, घरचं बियाणं चालतं. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मोजून ठेवा, गोणपाट गुंडाळा, गुंडाळी ओलसर राहू द्या. आठवडाभरात ७० किंवा जास्त नीट उगवले तर एकरी ३० किलो पुरतं. त्याहून कमी उगवले तर प्रमाण वाढवा. बियाण्याची मळणी करताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३००-४०० च्या वर नेऊ नका. साल पातळ असते, दाणा वरून चांगला दिसतो आणि आतला अंकुर दुखावलेला असतो. कपाशीत मात्र हे करू नका, संकरित बियाण्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही.

प्रश्न : दुधाचा दर उतरला तर पशुखाद्य कमी करावं का? पाच गाई आहेत. (ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर)

उत्तर : सरसकट नको, गाय बघून करा. शरीरपोषणाला दीड किलो आणि वर लिटरमागे ४०० ग्रॅम, असा हिशेब धरा. दहा लिटरच्या गाईला साडेपाच किलो, पाच लिटरच्या गाईला साडेतीन. बऱ्याच गोठ्यांत दोघींना सारखंच घमेलं जातं आणि पैसा तिथेच गळतो. दर आठवड्याला एक दिवस प्रत्येक गाईचं दूध वेगळं मोजा आणि त्याप्रमाणे खाद्य बदला.

दिवसाचं ५० ग्रॅम खनिज मिश्रण मात्र बंद करू नका. तंगीत पहिला घाव त्यावरच पडतो आणि दोन-तीन महिन्यांनी गाई माजावर येईनाशा होतात. एक माज चुकला की २१ दिवस वाया, भाकडकाळातला चारा वाढतो आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातात.

प्रश्न : गावच्या पतसंस्थेत तीन लाखांची ठेव आहे. काढून बँकेत टाकू का? (जि. सांगली)

उत्तर : बँक बुडाली तर मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत ठेव विम्यानं सुरक्षित असते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था आणि विकास सोसायटी येत नाहीत. संस्थेचा वार्षिक अहवाल मागा : लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता, थकबाकी किती टक्के, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडे किती कर्ज. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर मुदतीआधी व्याज कापलं गेलं तरी पैसे काढा. अहवाल चांगला असेल तर मुदत संपेपर्यंत थांबा. नंतर पेरणी आणि दवाखान्यापुरती रक्कम बँकेत हलवा.