पोएममध्ये हात कधी बसतो?

डीएम (पोटविकारांतील अतिविशेष पदवी) होऊन वर्ष झालेल्या एका सदस्याने विचारले आहे की, दोन दिवसांची कार्यशाळा केल्यावर पोएम (पर-ओरल एन्डोस्कोपिक मायोटॉमी, म्हणजे तोंडावाटे घातलेल्या एन्डोस्कोप या कॅमेऱ्याच्या नळीतून अन्ननलिकेचा स्नायू कापणे) स्वतंत्रपणे सुरू करावी का, आणि हात बसायला किती रुग्ण लागतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे.

अकलेशिया या आजारात अन्ननलिकेचे खालचे तोंड गिळताना सैल होत नाही. त्यावर उपाय म्हणून केल्या जाणाऱ्या पोएममध्ये अन्ननलिकेच्या अस्तराला आतून छेद देऊन, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून जठरापर्यंत बोगदा करून वर्तुळाकार स्नायू कापतात आणि शेवटी छेद क्लिपांनी मिटवतात. हारुहिरो इनोए यांनी 2008 मध्ये योकोहामात ती प्रथम रुग्णावर केली. त्यानंतरच्या अमेरिकेतील एका अभ्यासात साधारण 20 रुग्णांनंतर लागणारा वेळ स्थिरावलेला दिसला, तर दुसऱ्यात सफाईसाठी 40 आणि प्रभुत्वासाठी 60 असे आकडे आले. वेळ मोजायला सोपा असल्यामुळे हे आकडे सर्वांच्या तोंडी आहेत; पण वेळ कमी झाला म्हणून निर्णय सुधारला, असे मी मानत नाही.

खरी अडचण बोगद्यात दिशा राखण्याची असते. माझ्या सुरुवातीच्या एका रुग्णात बोगदा नकळत पीळ घेत गेला, स्नायूंचे आडवे तंतू तिरपे दिसू लागले तरी मी पुढेच जात राहिलो, आणि शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठांनी हात धरून थांबवले. थोडे पाणी सोडले की ते खालच्या बाजूला साचते, त्यावरून दिशा कळते, ही साधी गोष्ट त्या दिवशी पक्की झाली. जठराच्या तोंडाशी बोगदा अरुंद होतो आणि पलीकडे पुन्हा मोकळा होतो. हा बदल ओळखता येईपर्यंत दुसरी बारीक एन्डोस्कोप जठरात ठेवून पहिलीचा उजेड कुठे दिसतो ते पाहावे.

रुग्णावर पोएम करण्याआधी डुकराच्या काढलेल्या अन्ननलिकेवर आणि नंतर जिवंत प्राण्यावर सराव हवा, कारण काढलेल्या अवयवातून रक्त येत नाही आणि रक्तस्राव थांबवणे हे तर अर्धे काम आहे. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडच वापरावा. तो पोटाच्या पोकळीत साचला तर भूलतज्ज्ञांना श्वासमार्गातील दाब वाढल्याचे बहुधा तुमच्याआधी कळते. सुई घालून तो केव्हा सोडायचा, हे त्यांच्याशी आधीच ठरवून ठेवावे.

अकलेशिया वर्षाला लाखात सुमारे एकालाच होतो. त्यामुळे लहान गावात 20 रुग्ण जमायला वर्षे जातील आणि दोन रुग्णांच्या मधल्या काळात शिकलेले विसरायला होईल. म्हणून रुग्णसंख्या मोठी असलेल्या केंद्रात काही महिने फेलोशिप करणेच शहाणपणाचे. पहिल्या रुग्णांमध्ये नागमोडी झालेली अन्ननलिका किंवा आधी हेलर शस्त्रक्रिया (हाच स्नायू बाहेरून, पोटातून कापणे) झालेली व्यक्ती नसावी. नोंदवहीत मात्र केवळ संख्या लिहू नका. ज्येष्ठांनी कोणत्या टप्प्यावर एन्डोस्कोप तुमच्या हातातून घेतली आणि का, तेही दर वेळी लिहा.