पाच वर्षांचा अर्ज

अनेक आशीर्वाद.

सरकारी पाळतीच्या विषयावर पक्षाची बाजू मांडायला तुला सांगितलंय आणि बोलताना जीभ अडखळते, असं कळवलंस. अडखळायलाच हवी. या विषयात कुणाचंच दप्तर स्वच्छ नाही.

संगणकातली आणि इंटरनेटवरची माहिती सरकारला बघू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६९ आजच्या रूपात डिसेंबर २००८ मध्ये आलं, तेव्हा केंद्रात काँग्रेसचं सरकार होतं. त्याच कलमाचा आधार घेऊन २० डिसेंबर २०१८ रोजी भाजप सरकारने अशी पाळत ठेवू शकणाऱ्या दहा यंत्रणांची यादी जाहीर केली, आणि मग काँग्रेसला हुकूमशाही दिसली. उलट बाजूही तशीच. २०१३ मध्ये विरोधी पक्षनेते अरुण जेटलींचे कॉल रेकॉर्ड बेकायदा काढले गेले, तेव्हा भाजप खासगीपणाबद्दल पोटतिडकीने बोलत होता. २०१५ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारचे महान्यायवादी सर्वोच्च न्यायालयात सांगत होते की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो आहे असं ठरवलं.

पुण्यातलंच बघ. नाना पटोले यांचा फोन खोट्या नावाने टॅप केल्याच्या आरोपावरून फेब्रुवारी २०२२ मध्ये बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. जूनमध्ये राज्यात सत्तापालट झाला, पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. सगळा वाद कोणी कोणाचा फोन ऐकला यावर. परवानगी मागताना दिलेलं नाव आणि नंबर एकाच माणसाचे आहेत का, हे मंत्रालयात कोण पडताळतं, हा कामाचा प्रश्न मागेच पडला.

तू तोच धर. फोन ऐकायला एरवी गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवत नेला तरी १८० दिवसांपर्यंतच. आढावा समितीने दोन महिन्यांतून एकदा तरी बसून आदेश तपासायचे असतात. राज्यात ही समिती मुख्य सचिवांची, सोबत आणखी सचिव. न्यायाधीश नाही, आमदार नाही. केंद्राच्या समितीपुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात, असं डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये नोंदवलं होतं. एवढे कागद एका बैठकीत नुसते उलटूनही होणार नाहीत. हे दुखणं पक्ष बदलून जात नाही.

हे दुखणं आकड्यांनिशी दाखवायचं तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. कुणाचा फोन टॅप होतोय असं विचारलंस तर कोणती माहिती नाकारता येते हे सांगणारं कलम ८(१) दाखवून नकार येईल, आणि तो टिकेल. आकडे माग: आढावा समितीच्या बैठका किती, समोर आलेले आदेश किती, रद्द झाले किती. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न नको, कारण कायद्याने मिळते ती कागदावर असलेली माहिती, खुलासा नव्हे. अर्ज गृह विभागाकडे कर. राज्य गुप्तवार्ता विभागाला कलम २४ खाली या कायद्यातून सूट आहे. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे. तिथे मात्र तारीख कधी लागेल याची घाई करू नकोस.

शहरातल्या सीसीटीव्हीचंही असंच. कॅमेऱ्यांच्या जागा मागू नकोस, सुरक्षेचं कारण तयारच असतं. कंत्राट, देखभालीची बिलं, बंद कॅमेऱ्यांची संख्या, चित्रण किती दिवस ठेवायचं याचा आदेश, हे माग. त्यातला महापालिकेकडचा भाग असेल तर नस्ती, म्हणजे फाईल, समोर बसून बघायलाही मागता येते. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर अपिलात कलम ८(२) लिही. वैयक्तिक माहितीबद्दलच्या ८(१)(ञ) मधली, लोकहितासाठी माहिती देण्याची खिडकी नव्या डेटा कायद्याने काढून टाकली. ८(२) मधली अजून शाबूत आहे.

सगळ्यात महत्त्वाचा तो कालावधी. अर्जात १ जानेवारी २०१९ ते ३१ डिसेंबर २०२३ असं लिही. त्यात फडणवीस येतात, ठाकरे येतात, शिंदे येतात. फक्त विरोधकांची अडीच वर्षं विचारणारा अर्ज हे प्रचाराचं पत्रक होतं, आणि समोरचा ते पहिल्या मिनिटात ओळखतो.

अर्ज पक्षाच्या लेटरहेडवर नको, हा हक्क नागरिकाचा आहे. स्वतःच्या नावाने कर. कारण सांगायची गरज नाही, कलम ६(२) वाचून ठेव. उत्तर आलं की पाचही वर्षांचा तक्ता एकत्रच दाखव. आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यातला सोयीचा अर्धा फिरायला लागला, तर उरलेला अर्धा तिथे तूच टाक.